अधिसूचनेमुळे बुडालेला पैसा न्यायालयातून परत येतो का?

जळगावहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यातील आवश्यक तेवढा भाग असा:

"औद्योगिक वसाहतीत आमची दाल मिल आहे. सासऱ्यांनी ती उभी केली. आता खरेदी-विक्री माझे दीर पाहतात आणि हिशेब व बँक माझ्याकडे आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये साठ्याची मर्यादा अचानक खाली आली, तेव्हा आम्हाला घाईने तूर काढावी लागली. २०२४ मध्ये क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव देऊन घेतलेल्या तुरीपैकी काही माल आमच्याकडे राहिला आणि आयातीची मुदत वाढल्यानंतर तो पडत्या भावात गेला. आता काही व्यापारी मिळून नुकसानभरपाईसाठी उच्च न्यायालयात याचिका दाखल करणार आहेत. ते प्रत्येकाकडून मोठी वर्गणी मागत आहेत आणि दीर म्हणतात की आपण त्यात असलेच पाहिजे. त्यातच मुंबईचा एक दलाल आयात होणाऱ्या पिवळ्या वाटाण्याचा सौदा घेऊन आला आहे. शुल्क किंवा निर्बंध आला तरी न्यायालयाचा अंतरिम आदेश घेऊन माल सोडवता येतो, असे त्याचे म्हणणे आहे. मला हे पटत नाही, पण ठामपणे नाही म्हणण्याइतकी माहिती माझ्याजवळ नाही. सरकार असे वागणार असेल, तर धंदा कशाच्या भरवशावर करायचा?"

ताई, निर्णय आधी सांगतो, कारणे मागाहून देतो. भावातला तोटा भरून मिळेल या आशेने याचिकेत पैसे घालू नका. अंतरिम आदेशाच्या भरवशावर वाटाण्याचा एक कट्टाही मागवू नका. मात्र न्यायालय आपल्यासारख्यांच्या काहीच उपयोगाचे नाही, असेही समजू नका. ते कोणत्या बाबतीत उपयोगी पडते आणि कोणत्या बाबतीत पडत नाही, हे नीट कळले तर दीरांशी बोलणेही सोपे जाईल.

सरकारच्या आर्थिक निर्णयाविरुद्ध कोणी न्यायालयात गेले की न्यायाधीश प्रामुख्याने असे प्रश्न विचारतात: हा निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने सरकारला होता का, तो ठरलेल्या पद्धतीने घेतला गेला का, आणि तो निव्वळ मनमानी आहे का. त्या निर्णयाने अर्जदाराचा तोटा झाला की नाही, हा प्रश्न बहुधा निर्णायक ठरत नाही. तुमच्या धंद्याच्या अगदी जवळचे उदाहरण तेलगिरण्यांचे आहे. १९७७ मध्ये केंद्राने मोहरीच्या तेलाचा कमाल किरकोळ भाव किलोला १० रुपये ठरवून दिला. या भावात थेट तोटाच होतो, असे म्हणत गिरणीमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८ मध्ये सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो आदेश वैध ठरवला. जीवनावश्यक वस्तू ग्राहकाला रास्त भावात मिळाव्यात, या हेतूने केलेल्या नियंत्रणात काही उत्पादकांना तोटा सोसावा लागला, एवढ्या कारणाने ते घटनाबाह्य होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. डाळ हीदेखील जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली येणारी वस्तू आहे, त्यामुळे तुमची याचिका याच वाटेवर उभी राहील.

याचिका करणारे मित्र तुम्हाला बहुधा 'सरकारने दिलेला शब्द' हा मुद्दा सांगत असतील. तो मुद्दा खोटा नाही. कानपूरच्या एका साखर कारखान्याला उत्तर प्रदेश सरकारने वनस्पती तुपाचा नवा कारखाना काढल्यास तीन वर्षे विक्रीकर माफ करण्याचे लेखी आश्वासन दिले, कारखान्याने त्यावर विसंबून पैसा गुंतवला आणि नंतर सरकारने हात आखडता घेतला. मोतीलाल पदमपत या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये सरकारला आपला शब्द पाळायला लावले. परंतु या निकालाची दुसरी बाजू जळगावकरांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण ती आपल्या पाइप आणि चटई कारखान्यांच्या कच्च्या मालाशी संबंधित आहे. पीव्हीसी रेझिनला केंद्राने ३१ मार्च १९८१ पर्यंत सीमाशुल्क माफ केले होते आणि मुदत अधिसूचनेतच छापलेली होती. त्या भरवशावर अनेकांनी परदेशात मागणी नोंदवली. मुदत संपायला पाच महिन्यांहून अधिक काळ असताना, ऑक्टोबर १९८० मध्ये, सरकारने माफी काढून घेतली. कासिंका ट्रेडिंगच्या खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शुल्कमाफी ही कोणा एका आयातदाराला दिलेले वचन नव्हे. ती सार्वजनिक हितासाठी दिलेली सवलत आहे आणि सार्वजनिक हितासाठीच ती मुदतीआधी मागे घेता येते.

या दोन निकालांतील फरक तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर देतो. विशिष्ट उद्योगाला, विशिष्ट गुंतवणुकीच्या बदल्यात, लेखी दिलेला शब्द एका बाजूला आहे. सर्वांसाठी काढलेली आणि सर्वांसाठी बदलता येणारी अधिसूचना दुसऱ्या बाजूला आहे. तूर आयातीची मुदत ही दुसऱ्या प्रकारची आहे. १५ मे २०२१ पासून तुरीची आयात खुली झाली. आधी ती त्याच वर्षाच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत होती. पुढे वाढत वाढत ती ३१ मार्च २०२४, मग ३१ मार्च २०२५ आणि मग ३१ मार्च २०२६ अशी गेली. ती वाढणार नाही, असे सरकारने तुम्हाला कधीही सांगितले नव्हते. २०२४ मध्ये जास्त भावाने तूर घेताना मुदत संपेल असा अंदाज तुमच्या दीरांनी बांधला असेल, तर तो व्यापारी अंदाज होता आणि तो चुकला. व्यापारात असे होते, त्यात त्यांचा दोष मी मानत नाही, पण चुकलेल्या अंदाजाची भरपाई कोणतेही न्यायालय देत नाही.

शिवाय तोटा नेमका कशामुळे झाला, हे सिद्ध करणे अवघड आहे. तुरीचा भाव एका अधिसूचनेने ठरत नाही. २०२३ च्या अखेरीस मोझांबिकमधील नकाला बंदरात भारतात यायची तूर मोठ्या प्रमाणात अडकली, कारण तिथल्या दोन व्यापारी कंपन्यांच्या वादात तिथल्या न्यायालयाच्या आदेशाने माल अडवला गेला. त्या काळात इथे तूर महाग राहण्यामागे देशातील कमी पीक आणि तो अडकलेला माल ही दोन्ही कारणे होती. पुढे आवक सुधारली, आयात चालू राहिली आणि २०२५ मध्ये बाजारभाव हमीभावाच्याही खाली गेले. यातला किती वाटा पावसाचा, किती नकालाचा आणि किती दिल्लीच्या निर्णयाचा, हे रुपयांत मांडून दाखवल्याशिवाय भरपाईचा आकडा उभा राहत नाही, आणि रिट याचिकेत असे साक्षीपुरावे तपासण्याची सोय सहसा नसते. त्यासाठी दिवाणी दावा लागतो आणि त्याला वर्षे लागतात. आपले खानदेशचे तिन्ही जिल्हे उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाच्या कक्षेत येतात. तिथे याचिका दाखल होईलही, कदाचित नोटीसही निघेल, पण नोटीस निघणे म्हणजे जिंकण्याच्या वाटेवर असणे नव्हे. पिवळ्या वाटाण्याच्या आयातीविरुद्ध शेतकरी संघटनेने केलेल्या याचिकेवरही २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोटीस काढली होती. बोदवड-जामनेरच्या ज्या शेतकऱ्याची तूर हमीभावाच्या खाली गेली, त्याचीही त्याच न्यायालयाकडे, तुमच्या उलट दिशेने, काही मागणी असू शकते, हे विसरू नये.

आता त्या दलालाच्या सांगण्याकडे वळतो, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. याचिकेच्या वर्गणीत ठरावीक रक्कम जाईल; या सौद्यात मिल जाऊ शकते. २०१९ मध्ये केंद्राने वाटाण्यासह काही कडधान्यांच्या आयातीवर प्रमाणाचे बंधन घातले आणि तो कोटा प्रक्रिया करणाऱ्या मिलमालकांना अर्जावर वाटून दिला. कोटा न मिळालेले अनेक आयातदार वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत गेले, त्यांनी अंतरिम आदेश मिळवले आणि त्या आधारावर जहाजे मागवली. तेव्हा हाच सल्ला बाजारात फिरत होता. २६ ऑगस्ट २०२० रोजी ॲग्रिकास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध वैध ठरवले आणि अंतरिम आदेशाच्या आधाराने झालेली आयातही अधिसूचनेच्या विरुद्धच धरली जाईल, असे सांगितले. पुढे जून २०२१ मध्ये अशाच वाटाण्याच्या दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने माल पूर्णपणे जप्त होण्यास पात्र ठरवला. दंड भरून तो देशात विकण्याची मुभा नाकारली गेली आणि फार तर दंड भरून माल परदेशी परत पाठवण्याचा मार्ग उरला. सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले की ज्यांनी जाणूनबुजून जोखीम घेतली, त्यांच्या खासगी नुकसानीपेक्षा सार्वजनिक हित वरचढ आहे. अंतरिम आदेश हा अंतिम निकालापर्यंतचा तात्पुरता बंदोबस्त असतो. अंतिम निकाल विरुद्ध गेला की त्या आदेशाखाली घेतलेला लाभ परत द्यावा लागतो. दलालाची दलाली मात्र माल बंदरात उतरताच पदरात पडलेली असते.

निर्बंधाचे राहू द्या, नुसते शुल्क वाढले तरी काय होते ते पाहा. डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा शुल्काविना येत होता, ती मुदत अनेकदा वाढली, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर एकूण ३० टक्के शुल्क लागू झाले. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १५ नुसार शुल्काचा दर सर्वसाधारणपणे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे सीमाशुल्क खात्याकडे द्यायचे विवरणपत्र, दाखल होण्याच्या दिवसावर ठरतो. काही अधिसूचना मात्र बिल ऑफ लेडिंगची तारीख धरतात, म्हणजे माल परदेशी बंदरात जहाजावर कधी चढला ते पाहतात. या दोन तारखांमध्ये कित्येक आठवड्यांचे अंतर असू शकते, म्हणून 'मुदतीच्या आत माल निघाला होता' एवढ्या तोंडी शब्दावर विसंबू नका, अधिसूचनेत कोणती तारीख धरली आहे ते स्वतः वाचा. आणि सौदा-चिठ्ठीत शुल्काबद्दल काहीच लिहिले नसेल, तर मालविक्री कायदा, १९३० चे कलम ६४-अ आपोआप लागू होते: सौद्यानंतर शुल्क वाढले तर विक्रेता ती वाढ किमतीत मिळवून मागू शकतो, आणि शुल्क घटले तर खरेदीदार तेवढी रक्कम वजा करू शकतो. चिठ्ठीवर भाव शुल्कासह आहे की शुल्काशिवाय, आणि पुढे होणारा बदल कोण सोसणार, हे दोन ओळींत लिहून घेतले तर हा सगळा वाद उरत नाही. तो दलाल या ओळी लिहून द्यायला तयार नसेल, तर सौदा तिथेच सोडून द्या.

याच संदर्भात करार मोडण्याचा विचारही मनात येऊ देऊ नका. इंडोनेशियात कायदा बदलल्याने कोळसा महाग झाला, तेव्हा आपल्याकडच्या वीज कंपन्यांनी करार पाळणे अशक्य झाले आहे असे सांगून सुटका मागितली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये ती नाकारली, कारण करार पाळणे महाग पडणे आणि तो पाळणे अशक्य होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र भारतातील कोळसा धोरणातल्या बदलाचा फायदा त्याच कंपन्यांना मिळाला, कारण वीज खरेदी करारात 'कायद्यातील बदल' असे कलम आधीच लिहिलेले होते. मोठ्या उद्योगांना जे मिळाले ते कलमामुळे मिळाले. तुम्ही किराणा साखळ्यांना किंवा दाक्षिणात्य खरेदीदारांना महिनोन्‌महिन्यांचा डाळीचा पुरवठा करत असाल, तर तसे कलम तुमच्याही करारात हवे. साठा मर्यादा, आयात शुल्क किंवा जीएसटी यांत सरकारने बदल केला तर भाव पुन्हा ठरेल किंवा उरलेला पुरवठा दोन्ही बाजूंनी रद्द करता येईल, इतके साधे वाक्य त्यासाठी पुरते.

साठ्याच्या मर्यादेबद्दल सविस्तर लिहितो, कारण पुढचा धोका तिथे आहे आणि तो पूर्णपणे तुमच्या हिशेबाच्या टेबलावर सांभाळता येतो.

२०२० मध्ये केंद्राने तीन कृषी कायदे केले, त्यांतल्या एकाने जीवनावश्यक वस्तू कायद्यात बदल केला. नाशवंत नसलेल्या शेतमालाचा किरकोळ भाव आधीच्या बारा महिन्यांच्या किंवा पाच वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत ५० टक्क्यांनी वाढल्याशिवाय साठ्यावर मर्यादा आणायची नाही, आणि प्रक्रिया करणाऱ्याचा साठा त्याच्या स्थापित क्षमतेच्या आत असेल तर त्याला ती लावायची नाही, असे त्यात होते. दाल मिलसाठी हा फार मोठा दिलासा होता. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही कृषी कायद्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि जुना कायदा पुन्हा लागू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते कायदे संसदेने रद्दच केले. स्थगितीची बातमी वाचताना बहुतेकांचे लक्ष दिल्लीच्या सीमेवरच्या आंदोलनाकडे होते, पण तिचा परिणाम २ जुलै २०२१ रोजी दाणा बाजारात येऊन पोहोचला. त्या दिवशी केंद्राने मूग सोडून इतर डाळींवर साठा मर्यादा लावली: मिलमालकाला मागील तीन महिन्यांचे उत्पादन किंवा वार्षिक स्थापित क्षमतेच्या २५ टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढाच साठा. लगेच १९ जुलैला ती सहा महिने किंवा ५० टक्के अशी सैल केली गेली.

२ जून २०२३ रोजी तूर आणि उडीद यांवर मर्यादा पुन्हा आली, तीन महिने किंवा २५ टक्के या प्रमाणात. २५ सप्टेंबर २०२३ रोजी ती एक महिना किंवा १० टक्के इतकी खाली आणली गेली, आणि नोव्हेंबरमध्ये परत तीन महिने किंवा २५ टक्के झाली. समजा तुमच्या मिलची वार्षिक स्थापित क्षमता ६,००० टन आहे. क्षमतेच्या निकषावर जूनमध्ये १,५०० टन साठा कायदेशीर होता आणि सप्टेंबरअखेरीस तोच ६०० टनांवर आला. तुमच्या पत्रातली घाईची विक्री नेमकी या पायरीवर झाली, आणि दीड महिन्यांनी मर्यादा परत वाढली हे त्याहून जिव्हारी लागले असेल. ती व्यथा खरी आहे. तरीही न्यायालयाच्या दृष्टीने मर्यादा घालणे, कमी करणे आणि वाढवणे हे तिन्ही अधिकार जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या एकाच कलमातून, कलम ३ मधून, सरकारला मिळालेले आहेत.

म्हणून पुढील व्यवस्था अशी ठेवा की मर्यादा सर्वांत खालच्या पायरीवर आली तरी तुम्हाला माल फेकावा लागू नये. आधी तुमची स्थापित क्षमता कागदोपत्री किती आहे ते तपासा. अनेक मिलमध्ये डाळ निवडणारे नवे सॉर्टेक्स यंत्र बसते, दुसरी लाइन सुरू होते, पण अन्न सुरक्षा परवान्यावर जुनीच दैनिक क्षमता राहते. तपासणी पथक कागद पाहते, यंत्र नव्हे, आणि क्षमतेच्या टक्क्यांवर बेतलेली मर्यादा त्यामुळे आपोआप कमी भरते. परवाना, उद्यम नोंदणी आणि वीजभार या तिन्ही ठिकाणी एकच आकडा असू द्या आणि सनदी अभियंत्याचे क्षमतेचे प्रमाणपत्र जवळ ठेवा. ग्राहक व्यवहार विभागाच्या पोर्टलवर जाहीर केलेला साठा आणि बँकेला सीसीसाठी (कॅश क्रेडिट कर्जासाठी) दिलेले साठापत्रक या दोन्हींतला आकडा जुळला पाहिजे, हे मी तुम्हाला आग्रहाने सांगतो. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे साठ्याच्या तारणावर उचलता येणारी रक्कम, टिकवण्यासाठी बँकेला जास्त साठा दाखवायचा आणि पोर्टलवर कमी, ही सवय काही ठिकाणी दिसते. अशा वेळी बँकेचे कागदच तुमच्याविरुद्धचा पुरावा होतात. जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कलम ६-अ खाली जिल्हाधिकारी माल सरकारजमा करू शकतात आणि कलम ७ खाली तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मिलवर आणि कागदांवर सही तुमची असेल, तर ही जबाबदारीही तुमचीच धरली जाईल.

इथे मात्र न्यायालय तुमच्या बाजूने उभे राहू शकते. माल सरकारजमा करण्याआधी लेखी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी देणे कलम ६-ब नुसार बंधनकारक आहे, आणि आदेशाविरुद्ध कलम ६-क खाली अपील करता येते. नोटीस न देता जप्ती झाली, मर्यादा लागू होण्याआधी विकलेला पण गोदामातून उचलायचा राहिलेला माल तुमच्या नावावर धरला गेला, किंवा क्षमतेचा हिशेब चुकीचा केला गेला, तर विनाविलंब वकिलाकडे जा, कारण अशा वेळी कागद नीट असलेला मिलमालक जिंकतो. तसेच उद्योग विभागाच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली तुमच्या मिलच्या विस्ताराला पात्रता प्रमाणपत्र मिळालेले असेल आणि पुढे सवलत अडवली गेली, तर तो पहिल्या प्रकारचा, लेखी शब्दाचा मामला होतो. झारखंड सरकारने औद्योगिक धोरणात वीजशुल्कात ५० टक्के सूट जाहीर केली, पण तिची अधिसूचना काढायला उशीर लावला आणि मधल्या काळाची सूट नाकारली. १ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने उद्योगाच्या बाजूने निकाल दिला. असे कागद तुमच्याकडे असतील तर ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

जिंकलेला खटलाही कधी कधी टिकत नाही, हेही दीरांना सांगा. भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या इमारतीच्या खर्चावर जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळू शकते, अशी वाट सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सफारी रिट्रीट्स खटल्यात उघडली. २०२५ च्या वित्त कायद्याने जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ड) मधील शब्दरचनाच बदलली, आणि तीही १ जुलै २०१७ पासून लागू असल्याप्रमाणे. तुम्ही भाड्याने देण्यासाठी नवे गोदाम बांधण्याचा विचार करत असाल आणि कोणी त्या निकालाच्या आधारे हिशेब मांडून दिला असेल, तर तो हिशेब बाजूला ठेवा.

धंदा कशाच्या भरवशावर करायचा, हा तुमचा शेवटचा प्रश्न मी टाळत नाही. तुरीला वायदेबाजाराचा आधार नाही. तूर आणि उडीद यांचे वायदे जानेवारी २००७ पासून बंद आहेत आणि हरभऱ्याचेही २०२१ मध्ये थांबवले गेले. भावाच्या जोखमीला विमा नसताना, कर्जाच्या पैशावर सहा-सहा महिन्यांचा माल भरून ठेवणे म्हणजे मिल चालवणे नव्हे, दिल्लीतल्या पुढच्या अधिसूचनेवर पैज लावणे होय. हे केवळ तुमच्याच धंद्याचे नाही. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आले, तेव्हा आपल्या सुवर्णनगरीत ज्यांच्याकडे जुन्या भावाचा माल होता त्यांना तो फरक एका दिवसात सोसावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरील ११ टक्के शुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत उठले, तेव्हा धरणगाव-चोपड्याच्या जिनिंगवाल्यांनीही हेच अनुभवले. ज्यांची खरेदी आणि विक्री एकमेकांशी बांधलेली होती, ते यातून कमी जखमांनी बाहेर आले. तुमच्या मिलची कमाई दळण्याच्या मजुरीत, उताऱ्यात (तुरीतून निघणाऱ्या डाळीच्या प्रमाणात), फटका डाळीच्या दर्जात आणि चुणीच्या, म्हणजे उरलेल्या कोंड्या-तुकड्यांच्या, विक्रीत आहे. तेवढ्यापुरता कच्चा माल घ्या, साधारण महिनाभराचा, आणि त्याच सुमारास तेवढ्या डाळीचा सौदा पक्का करा. भाव वाढेल तेव्हा शेजारच्या मिलने जास्त कमावले असे दिसेल, दीर नाराज होतील, त्या दिवशी तुम्हाला हिशेबाची वही उघडून २०२३ आणि २०२५ ची पाने दाखवावी लागतील.

दीरांबद्दल एक गोष्ट. याचिकेचा त्यांचा आग्रह पैशासाठी जितका आहे तितकाच अन्यायाच्या भावनेतून आलेला असावा, आणि त्या भावनेला सरळ नाही म्हणून टाकणे योग्य होणार नाही. जुलै २०२१ मध्ये मर्यादा सतरा दिवसांत सैल झाली, त्यामागे न्यायालयाचा आदेश नव्हता; भाव नरमले होते आणि राज्ये व संबंधित घटक यांचे म्हणणे केंद्राकडे पोहोचले होते. म्हणून वर्गणी द्यायचीच असेल तर ती मिलमालकांच्या संघटनेला, निवेदन तयार करण्यासाठी द्या, आणि मागणी एकच ठेवा: मर्यादा खाली आणताना साठा काढण्यासाठी पुरेशी मुदत मिळावी आणि दळण्यासाठी रांगेत असलेला माल वेगळा मोजला जावा. त्या निवेदनाला तुमच्या मिलचे जून ते नोव्हेंबर २०२३ चे साठ्याचे, दळणाचे आणि विक्रीभावाचे आठवडावार आकडे जोडा. ते काम तुम्ही करू शकता, दिल्लीला आणि मुंबईला जाऊन ते मांडण्याचे काम दीरांवर सोपवा. नवी तूर बाजार समितीत यायला लागण्याच्या आधी निवेदन पोहोचले तर बरे, कारण साठ्याची चर्चा आवक वाढल्यावर नव्हे, भाव चढू लागल्यावर सुरू होते, आणि तोपर्यंत आकडे विभागाच्या टेबलावर असायला हवेत.